आपला झेंडा येईपर्यंत

९ जून १९८५

प्रिय एनोकदादा,

तुझं पत्र पोचलं. इकडे समुद्र मोकळा झालाय, वाळत घातलेल्या मासळीवर कावळ्यांची नजर आहे. माझा गुडघा दुखतोच, पण ती तक्रार तुझ्याकडे करून काय उपयोग? आम्ही तुला नूकला निवडून पाठवलं ते ग्रीनलंडचा कारभार बघायला.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिलीचं उत्तर सोपं आहे. नव्या झेंड्यावरून वस्तीत रोज भांडण होतं. स्वतःचं सरकार येऊन सहा वर्षं झाली तरी कापडाचा एक तुकडा ठरेना, असं म्हणत लोक कॉफीला बसतात आणि तावातावानं उठतात. हिरव्या-पांढऱ्या क्रुसाचं चित्र बघून म्हातारा कालेब म्हणाला, "हिरवं काय आहे गं आपल्याकडं? गवत. तेही कुत्री बांधतो तिथंच वाढतं." चर्चची झाडलोट बघणारी रेबेका दुसऱ्या चित्रातल्या लाल-पांढऱ्या गोलावर खवळते. "ते रंग डेन्मार्कचेच. नवऱ्याला सोडायचं आणि त्याचाच सदरा घालून मिरवायचं?"

माझं मत विचारशील तर कोणताच नको. दादा, मतदान लांबव. सभागृहात तुझ्या शब्दाला वजन आहे. समिती नेमा, रंग पुन्हा बघा, काहीही करा. पण या वर्षी झेंडा ठरू देऊ नकोस.

का, ते तुझ्या दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून मी तो टाळत होते. पावियासाठी चर्चजवळचा झेंडा अर्ध्यावर का आणू देत नाहीस, असं तू विचारलंस. रेबेकानंच कळवलं असणार.

बर्फ फुटायच्या दिवसांत माझा पोरगा सीलच्या शिकारीला गेला आणि कुत्री रिकामी गाडी ओढत परत आली. शोधायला गेलेल्यांना उघडं पाणी दिसलं. पाविया कुणालाच दिसला नाही. जे कुणी पाहिलं नाही ते मी का मानू?

कालेबच्या बायकोला पुरलं त्या दिवशी अर्ध्यावरच्या झेंड्याकडे बघून पाविया म्हणाला होता, "आई, माझ्या वेळी हा परका झेंडा खाली आणू नका. आपला येईल तेव्हा आणा." थट्टेत बोलला. मी त्याला झापलं. आता तेच शब्द घट्ट धरून बसलेय. कुणी विषय काढला की सांगते, पोराची इच्छा होती, आपला झेंडा येईपर्यंत थांबा. लोक थांबलेत. पण तुम्ही तिकडे हात वर केलेत की तो झेंडा इथे येईल, खांबावर अर्ध्यावर थांबेल, आणि माझा पाविया मेलेला असेल.

अजून एक आहे. रेबेकाच्या सुनेला, आर्नाकला, मुलगी झाली. गेलेल्याचं नाव बाळाला द्यायचं तर मुलगा की मुलगी हे आपण कधी बघितलं नाही, त्यामुळे सगळे माझ्याच दाराकडे बघतात. पोरगी सारखी रडते, दूध घेत नाही. रेबेका येऊन म्हणाली, "नाव मागतेय गं ती. त्याला परत यायचंय आणि तू वाट अडवून उभी आहेस." मी म्हटलं, जित्या माणसाचं नाव मी कसं देऊन टाकू? आणि दार लावून घेतलं.

दादा, हात जोडते, मतदान लांबव.

१२ जून

धुक्यामुळे हेलिकॉप्टर आलं नाही, पत्र इथंच पडून राहिलं. वरचं फाडणार होते. असू दे, माझी काय गत झाली होती ते तुला कळेल.

काल आर्नाकच्या घरून रडणं ऐकू येईना, आणि मला रडण्यापेक्षा त्याचीच भीती वाटली. अनवाणी धावले. पोरगी निळसर पडली होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आर्नाकनं सरकून मला जागा दिली. मी बाळाच्या कानाशी वाकले. नाव तोंडातून निघेना. निघालं तेव्हा माझ्यातलं सगळं बळ घेऊन निघालं. म्हटलं, "पाविया, आलास का रे?"

थोडं दूध घेतलंय तिनं. जगेल असं अजून कुणी म्हणत नाही. एकाच पोराला दोनदा गमावते की काय, या धास्तीनं मी इथून उठलेली नाही. हेही आर्नाकच्याच घरी बसून लिहितेय.

तेव्हा माझं मागणं सोडून दे. हिरवा असो की लाल, लवकर ठरवा आणि पहिल्या बोटीनं एक इकडे पाठव. आधी तो अर्ध्यावर आणायचाय. मग हिच्या बाप्तिस्म्याला टोकापर्यंत चढवायचाय. तोवर ही टिकावी, एवढी प्रार्थना कर.

तुझी बहीण मार्ग्रेथे,
जिचा मुलगा बर्फात गेला, आणि आत्ता मांडीवर झोपलाय.