भिंगारचे स्वस्त बूट

शनिवार, संध्याकाळ

भिंगारच्या जुन्या बाजारात घोडेस्वारीचे बूट निम्म्या किमतीत मिळाले. एक नंबर लहान होते, पण असा सौदा सोडवतो का? दुकानदार म्हणाला, कातडं वापरून सैल होतं. कसलं सैल. घरी आले तर बूट पायातून निघेनात. उद्या रायडिंगचा पहिला क्लास, आणि मी पलंगावर पाय वर करून बसलेली. शेवटी सासूबाईंनी पलंगाला पाय लावून बूट ओढून काढले. मग सहज म्हणून स्वतःच्या पायात घातले, तर अगदी मापाचे. मघापासून अंगणात टाकटाक फिरताहेत. काढायचं नाव नाही. आत्ताच खिडकीशी येऊन विचारलं, "घोडी गरीब हाय ना गं?"