अर्ज विचाराधीन आहे

९ जानेवारी
आज अर्ज दिला. नागरिकत्वाचा. तीस वर्षं मोडीत निघालेल्या देशाचा लाल पासपोर्ट खिशात घेऊन कारासू गावात लोकांच्या दाढ्या करतोय. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता मात्र ठरवलं म्हणजे ठरवलं.
खिडकीवरची ऐजादा म्हणाली, साधारण नऊ महिने लागतात. साधारण माणसाला लागत असतील. माझा अर्ज चौदा पानी आहे, बालपणापासून सगळं आलंय त्यात. ती म्हणाली, उस्ता (न्हाव्याला इथे असंच म्हणतात), फॉर्म दोनच पानांचा असतो हो. मी नुसता हसलो.
मुकर्रमही आली होती. माझ्यासारखीच तीही कालव्यापलीकडे जन्मलेली, तिचाही पासपोर्ट लालच. तिने दोन पानं भरली, सही ठोकली आणि बाहेर बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत माझी वाट बघत बसली. बायकोचं काही खरं नाही. मी नागरिक झालो की तिच्यासाठी शब्द टाकीन.

११ जानेवारी
ओपाला फोन केला. सौदात-ओपा, माझी थोरली बहीण. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. राहते कालव्यापलीकडे, चालत अर्धा तास; पण आता तो दुसरा देश. पण मध्ये पूल, पुलावर शिपाई, आणि शिपायाला लाल पासपोर्ट चालत नाही. अकरा वर्षं झाली भेटून.
मोतीबिंदू पिकलाय म्हणाली. डॉक्टर मागे लागलेत, पण ही म्हणते, तू आलास की करीन, पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड तुझंच बघायचंय. मी म्हटलं, नवरोजला येतो. म्हणजे मार्चात. ती म्हणाली, नक्की ना रे? म्हटलं, अर्ज चौदा पानी आहे.
मग विचारते, केस आहेत ना अजून? म्हटलं, होते तसेच. (पुढून किंचित विरळ. फोनवर इतका तपशील देत नाहीत.)

१४ जानेवारी, रविवार
मुकर्रम म्हणाली, अहो, तोवर कालव्यावर तरी जाऊ या. रविवारी दुपारी दोन्ही काठांवर माणसं जमतात. पलीकडच्या आत्या-मावश्यांशी ओरडून बोलतात, लेकरं उचलून दाखवतात. मी साफ नाही म्हटलं. अकरा वर्षांत एकदाही गेलो नाही, तो तत्त्वाचा प्रश्न आहे. ओरडतात ते कागद नसलेले लोक. मी पुलावरून जाणार, हातात पासपोर्ट, अंगात नवा चपान, सणासुदीचा लांब झगा. तो शिवूनही घेतलाय, निळा, अस्तराचा. खुंटीवर आहे.

३ फेब्रुवारी
पहाटे एकदम आठवलं. सन शहाऐंशीच्या जिल्हा केशकर्तन स्पर्धेत मी दुसरा आलो होतो, ते अर्जात राहिलंच! ताबडतोब जोडपत्र लिहून दिलं. तीन पानी.

१२ फेब्रुवारी
टोक्तोसून पोस्टमन फाटकातूनच ओरडत आला, उस्ता, सुयुंची! सुयुंची! आनंदाची बातमी आणणाऱ्याच्या हातात काहीतरी ठेवल्याशिवाय आपल्याकडे तो तोंड उघडत नाही. पाकिटावर सरकारी शिक्का. नवी कोरी टोपी दिली काढून.
पत्रात लिहिलंय: "आपले जोडपत्र मिळाले. अर्ज विचाराधीन आहे. मुदत आजपासून मोजली जाईल." मुकर्रमने दोनदा वाचलं. म्हणाली, आजपासून म्हणजे हो काय? समजावलं तिला. सरकारी भाषेत आजपासून म्हणजे आता ते खरे कामाला लागले.

७ मार्च
ऑफिसातले एक बडे साहेब हल्ली दाढीला येतात. करडा सूट, बगलेत फाइल. मी वशिला लावणाऱ्यातला नाही. पण वस्तरा गळ्याशी असताना सहज म्हटलं, काही लोकांचे अर्ज फार चांगले लिहिलेले असतात, नाही? साहेब हललेसुद्धा नाहीत. समजले सगळं. पैसे घेतले नाहीत.

१५ मार्च
करड्या सुटातले साहेब अग्निशमन खात्यातले निघाले. ऑफिसात फक्त आग विझवायची नळकांडी तपासायला येतात. पुढच्या वेळी पूर्ण पैसे घ्यायचे.

२१ मार्च
नवरोज. मोहल्ल्यात रात्रभर सुमलक, गव्हाच्या अंकुरांची खीर, ढवळलं, मीही ढवळलं, हात भरून आले. ओपाचा फोन आला सकाळी. म्हटलं, खात्यात सणाची सुट्टी आहे, म्हणून राहिलं. जर्दाळू पिकले की येतो. ती म्हणाली, बरं बाळा. एकसष्ट वर्षांच्या माणसाला बाळ म्हणते. मुकर्रम ऐकत होती, तिने खुंटीवरच्या चपानाकडे बघितलं. तिची ही सवय चांगली नाही.

१९ मे
चारित्र्याचा मुद्दा अर्जात कच्चा वाटत होता. त्रेचाळीस गिऱ्हाइकांच्या सह्या घेतल्या, की हमदम उस्ता सज्जन आहे आणि हात हलका आहे. फेस लावल्यावर सही मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. मुकर्रमला म्हटलं, तुझ्यासाठीही गोळा करू का? म्हणाली, मला नको, माझं आपलं राहू द्या तसंच. महत्त्वाकांक्षाच नाही बाईला.

४ जून
सुयुंची! टोक्तोसूनला कोंबडा दिला, तांबडा, तुऱ्याचा. पत्र: "सह्यांचे पत्रक मिळाले. मुदत आजपासून." म्हणजे दुसऱ्यांदा कामाला लागले. इतका जोर कुणाच्या अर्जावर लागला असेल? मुकर्रमला आजवर एक ओळ नाही. मी मुद्दाम विषय काढत नाही, वाईट वाटेल तिला.

२० जून
जर्दाळू पिकले. पडलेसुद्धा. ओपाला म्हटलं, खरबुजांच्या दिवसांत नक्की.

२ ऑगस्ट
आज जरा मन थाऱ्यावर नाही. ओपा फोनवर सहज म्हणाली, चुलीवरची किटली काल हाताने चाचपून शोधली, बोटं भाजली. आणि हसली. म्हटलं, अगं ऑपरेशन करून घे की! म्हणाली, तू येतोयस ना, मग एकदमच.
घाबरलो. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. फार घाबरलो.

३ ऑगस्ट
बास झालं. कडक तक्रार लिहिली, सहा पानी. सात महिने म्हणजे काय थट्टा आहे? "वाट पाहणाऱ्या बहिणीचे अश्रू" असा शब्दप्रयोग केला आहे. ऐजादाने तक्रार हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, उस्ता, परत घेऊन जाता का? घाबरली बिचारी. म्हटलं, शिक्का मार!

१६ ऑगस्ट
सुयुंची. ट्रान्झिस्टर गेला. "तक्रार मिळाली. मुदत आजपासून." टोक्तोसून म्हणाला, उस्ता, तुम्हाला येतात तेवढी सरकारी पत्रं मेयरलाही येत नाहीत हो. खरंच आहे ते.

२४ सप्टेंबर
खरबुजं संपत आली. खिडकीवर गेलो. ऐजादाने फाइल काढली, दोन हातांनी. म्हणाली, उस्ता, रागावू नका, माझ्या वडिलांसारखे आहात. नवा कागद जोडला की फाइल गठ्ठ्याच्या तळाला जाते आणि मुदत पहिल्यापासून सुरू होते. दर पत्रात लिहिलंय तसं. जानेवारीनंतर गप्प बसला असतात तर पुढच्या महिन्यात काम झालं असतं. आता तरी कृपा करा, काही लिहू नका.
बाहेर बाकावर बसलो थोडा वेळ. इतकं स्पष्ट आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. पत्रात होतं म्हणे, पण पत्रात असणं वेगळं.
मुलगी मात्र गुणाची. तिचे उपकार मानायलाच हवेत.

२५ सप्टेंबर
ऐजादाबद्दल आभाराचं पत्र दिलं. वरिष्ठांच्या नावे, रीतसर शिक्का मारून. दीडच पान.

२६ सप्टेंबर
सकाळी दाढी करताना लक्षात आलं. गिऱ्हाइकाला थोडं कापलं. पळत गेलो. ऐजादा कपाळाला हात लावून बसली होती. पत्र कालच फाइलला लागलं होतं.
मुकर्रमला सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन.

११ ऑक्टोबर
टोक्तोसून धावत आला. आज नुसता ओरडत नव्हता, सायकल रस्त्यात टाकून आला होता. उस्ता, जाड पाकीट आहे, या वेळी खरंच आहे! म्हटलं, कुणाचं तरी मन शेवटी द्रवलंच. घरात द्यायला काही उरलं नव्हतं. खुंटीवरचा चपान काढला आणि त्याच्या खांद्यावर घातला. त्याला छान बसला.
पाकीट मुकर्रमचं होतं. नागरिकत्व मंजूर. दोन पानी अर्ज, नऊ महिने आणि दोन दिवस.
ती पत्र धरून उभीच राहिली. मग म्हणाली, अहो, तुमचंही येईल. म्हटलं, येईल ना. मग सप्टेंबरचं सगळं सांगून टाकलं. वाटलं हसेल. हसली नाही, चहा केला. चहा कडू लागला. साखर तिने घातली होती.

२९ ऑक्टोबर
मुकर्रमचा पासपोर्ट आला. निळा. उद्या ती पुलावरून जाणार आणि ओपाला दवाखान्यात नेणार. ओपा आधी तयार नव्हती, पहिलं तोंड तुझंच म्हणत होती. मी म्हटलं, ओपा, करून घे. माझं सांगता येत नाही. हे वाक्य बोलायला मला जानेवारीपासून आतापर्यंत वेळ लागला.
पुलाच्या फाटकापर्यंत मी सोडायला जाणार. मुकर्रमला सूचनांची यादी लिहून देणार होतो. नको म्हणाली.

११ नोव्हेंबर, रविवार
कालव्यावर गेलो.
दोन्ही काठांवर हीऽऽ गर्दी. कुणी पोर उचलून दाखवतंय, कुणी नवी सून. मला बघून आपल्या मोहल्ल्यातल्या चौघांनी सरकून जागा दिली. अकरा वर्षं ही जागा इथेच होती.
पलीकडे मुकर्रम. तिच्या दंडाला धरून ओपा, काळा चश्मा लावलेली. किती लहानशी झालीय. मुकर्रम तोंडाशी हात नेऊन ओरडली, सुयुंची! ऐकलंत का? सुयुंची! ओपाला दिसतंय!
रडायला आलं, लपवलं नाही. पण बातमी आणली तर द्यायला नको का? खिसे चाचपले. कोंबडा गेला, ट्रान्झिस्टर गेला, चपान टोक्तोसूनच्या अंगात. उरली होती डोक्यावरची टोपी. काढली आणि जीव खाऊन पलीकडे फेकली. निम्म्यावर पाण्यात पडली नि वाहत गेली. शिपायाने नुसती मान वळवून बघितली.
ओपाने चश्मा काढला. डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग तो जुनाच आवाज, जेवायला हाक मारायची तो. हमदम! अरे, डोक्यावरचे केस कुठे गेले सगळे?
अख्खा काठ माझ्याकडे बघायला लागला. मीही ओरडलो, अर्ज विचाराधीन आहे!
दोघी हसल्या. इकडे ऐकू आलं.
पुढच्या रविवारी परत जायचं. वही आता बंद, काही म्हणजे काही लिहायचं नाही.