उत्तम पाण्यात जायचं म्हणतो

१२ नोव्हें. २००३
उत्तमला आणलं. कोकणातून भाड्याच्या सुमोत, मागच्या सीटवर आडवा. दोघांनी उचलून खाटेवर ठेवला तेव्हा पाय वेगळेच लोंबत होते, जणू त्याचे नाहीतच. ठेकेदाराचा माणूस चहालाही थांबला नाही.
आई, आमची याडी, पायाशी बसून तळवे चोळते आहे. "लेकरा, कळून राहिलं का?" तो न्हाई म्हणतो. ती परत चोळते.
माझा धाकटा भाऊ, मला बाई म्हणणारा. सव्वीस वर्षांचा.

१५ नोव्हें.
उ.नं आज थोडं सांगितलं. बुडालेल्या जहाजातलं पितळ-तांबं काढायचं काम. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. तांड्याच्या विहिरीत सूर मारणारं पोरगं, म्हणून ठेकेदारानं रस्त्याच्या कामावरून उचलून याला डायव्हर केलं. दिवसातून दोनदाच उतरायचं असतं. हे चारदा उतरायचे. वर येताना मध्ये थांबत यायचं असतं, तेवढाही वेळ देत नव्हते. त्या दिवशी वर आला, जेवला, आणि उठायला गेला तर कमरेखाली काही नाही. रक्तात हवेचे बुडबुडे होतात म्हणे. लगेच दवाखान्यातल्या दाबाच्या टाकीत ठेवलं असतं तर... यांनी दोन दिवसांनी नेलं.
मी विचारलं, तू न्हाई का म्हणाला न्हाईस? म्हणाला, "बाई, मला खाली जायला आवडायचं."

३ डिसें.
नांदेड. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, टाचणी टोचली. बाहेर येऊन मला एकटीला म्हणाले, आता आशा धरू नका, जखमा होऊ देऊ नका.
उ.नं त्यांना एकच विचारलं. "पाण्यात जाता येईल का?" डॉक्टर हसले. वाईट मनानं नाही, पण हसले.

२१ डिसें.
शाळा, घर, शाळा. दर दोन तासांनी कूस बदलायची ते याडीला झेपत नाही. माकडहाडापाशी जखम झालीच.
दिवसभर भिंतीकडे तोंड. बोलला तर फक्त त्या जहाजाचं. जिन्यावर शेवाळ. एका खोलीत लोखंडी खाट, त्यावर मासा निजल्यासारखा. टॉर्च मारली तरी हलायचा नाही. याडी म्हणते याला समुद्राचं काहीतरी लागलंय. मला वाटतं तो अजून वर आलाच नाही.

११ जाने. २००४
"बाई, मला तलावावर ने."
म्हटलं, काहून?
"पाण्यात."
न्हाई म्हणाले. जखम आहे, थंडी आहे, कोण उचलणार. सगळी कारणं खरी. खरं कारण बोलले नाही.
तेव्हापासून जेवला नाही.

२६ जाने.
झेंडावंदन करून आले तर याडीचा आरडाओरडा. उ. सरपटत विहिरीपर्यंत गेला होता. कोपरं सोलली, लेंगा फाटला, काठावर छाती टेकून आत बघत पडलेला. शेजारच्यांनी ओढून आणला.
"नुसतं पाणी बघायचं होतं," म्हणाला.
मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याला उठूनही जाता येत नाही, तरी मारली. मी नांदणं सोडून आले तेव्हा फाट्यापासून माझी पेटी डोक्यावर घेऊन हाच चालला होता. कुणाला एक शब्द बोलू दिला नव्हता.

३० जाने.
विहिरीवर पत्रे टाकून घेतले. उ.ला आवाज गेलाच असणार.

८ फेब्रु.
रशीदभाई आले. पुसेगावात पंक्चरचं दुकान, उ. लहानपणी तिथंच पडलेला असायचा. बराच वेळ त्याच्याजवळ बसले. निघताना मला अंगणात म्हणाले, "बाई, तुमची तकलीफ समजून राहिलो मी. पण एकदा नेऊ त्याला. ट्रकची ट्यूब हाय, मी हाय."
म्हटलं, त्यानं हात सोडला तर?
त्यांनी सायकलचा स्टँड काढला. मग, "इथं खाटेवर तरी त्यानं काय धरलंय?"

२२ फेब्रु.
गेलो. टेम्पोत गादी टाकून. जखमेवर प्लास्टिक, वर चिकटपट्टी. याडीला दवाखान्यात नेतो म्हणून सांगितलं.
मी साडीसकट कमरेएवढ्या पाण्यात, र.भाई छातीएवढ्या. उ. ट्यूबवर. पाणी बर्फ. थोड्या वेळानं म्हणाला, "ट्यूब काढा." काढली. नुसत्या हातांवर तरंगत होता. पाय मागून येत होते, कुणालाही वाटलं असतं पोहतोय. "बाई, हात सोड." सोडला.
खाली गेला. मी आकडे मोजत होते, वर्गात मोजते तसे मोठ्यानं. चाळीसला वर आला. हसला! चार महिन्यांत पहिल्यांदा. दात दिसले.
परत गेला. चाळीस झाले. पन्नास. साठ. पाणी गढूळ, काही दिसेना. मी ओरडले. र.भाईंनी बुडी मारून शर्टाला धरून वर ओढला.
खोकत होता आणि चिडला होता. "येऊनच राहिलो होतो ना! काहून ओढलं?"
येत होता? र.भाईंना विचारलं. म्हणाले, "खाली हात पसरून पडला होता, बाई. मला न्हाई सांगता येत."

२९ फेब्रु.
ताप. जखम चिघळली, वास येतो. हिंगोलीचे डॉक्टर माझ्यावर ओरडले, शिकलेल्या ना तुम्ही? परत असं केलं तर जखमेनंच जाईल. याडीला सगळं कळलं. माझ्याशी बोलत नाही.

२४ मार्च
ताप उतरला. जखम तशीच. आज सकाळी स्वतःहून भाकरी मागितली. अर्धी खाऊन म्हणाला, "रविवारी जाऊ."

२७ मार्च, शनिवार
सकाळची शाळा करून आले. दार लोटून त्याच्यापाशी बसले, सरळ विचारलं. उत्तम, तू वर येशील ना?
त्यानं हातानं एक पाय उचलून सरळ केला. मग म्हणाला, "इथं बसून विचारशील तर व्हय. खाली गेल्यावर काय वाटंल, ते इथून कसं सांगू?"
खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं, म्हटलं.
"तुझ्याशी खोटं न्हाई बोलत."
न नेलं तर तो भिंतीकडे वळेल, आणि या खेपेला परत तोंड फिरवणार नाही. हे मला कळतं. नेलं तर...
र.भाई ओट्यावर आहेत. उद्या टेम्पो आणायचा की नाही एवढंच विचारायला आले. चहा पिऊन झाला त्यांचा. उ. खाटेवरून माझ्याकडे बघतो आहे.
उठायला पाहिजे.