भिंतीबाहेरचा ओटा

नागपूर,
५ जानेवारी २०२४

ती. तुळसाआत्यास,
संघर्षचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझ्या कानांपुढे फोनने हात टेकले, म्हणून पत्र. मागच्या वेळी मी तब्येत विचारली आणि तू मला तुरीचा भाव सांगितलास! तुझ्या नातीने, मोनालीने, नवा चष्मा करून दिलाय म्हणे, तेव्हा आता उत्तर न द्यायला सबब उरली नाही.

बातमी अशी, की आपल्या तळेखेर्ड्याच्या पायविहिरीचं काम माझ्याकडे आलं. बाबांनी मला ते गाव कधी दाखवलं नाही, आणि आता त्यांचा पोरगा तिथे संवर्धन सल्लागार म्हणून उतरला. मी नक्की काय करतो हे तू दर वेळी विचारतेस. जुनी वास्तू मुळात कशी होती ते ओळखायचं, नंतर कोणी काय चिकटवलं ते काढायला सांगायचं, आणि ती पडू नये असा अहवाल लिहायचा. माझी सही झाली की काम सुरू होतं. विहीर फार देखणी आहे गं. बेचाळीस पायऱ्या, खाली दोन कमानी, आणि कोण्या शहाण्याने त्यावर फासलेलं सिमेंट. ते खरवडून चुना लावायचा आहे.

गावातल्या समितीचे अध्यक्ष वामनराव म्हणून आहेत, तुझ्याच वयाचे. मला आग्रहाने घरी नेऊन जेवू घातलं. बाबा असते तर त्यांना हे सांगितलं असतं.

तुझं लहानपण तिथलंच. विहिरीचं काही आठवत असेल तर कळव. मोनालीला जय भीम. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
संघर्ष

—

बाभुळगाव,
१६ जानेवारी २०२४

चि. संघर्ष यास,
आत्याचा जय भीम अन् अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. दोन डाव वाचलं. चष्मा चांगला हाये, तुहं अक्षरच वाईट हाये.

थे काम तू घेऊ नको. काहून, ते इचारू नको. तुह्या बापानं तुले थे गाव दाखवलं नाही, त्याले काही कारण असन ना? पुसदले जाय, यवतमाळले जाय, जुन्या इमारती काय कमी हायेत? त्या विहिरीचं मले काही आठवत नाही, अन् आठवलं तरी मी सांगनार नाही.

वामनच्या घरी जेवला, बरं झालं. मोनाली बरी हाये. बायकोले अन् लेकराले इकडं घेऊन ये एक डाव. जीवाले जपजो.

तुही आत्या,
तुळसाबाई

—

नागपूर,
१२ फेब्रुवारी २०२४

ती. तुळसाआत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

तुझा हुकूम मोडला. रागावू नकोस. कामाचा आदेश निघाला होता, मागे फिरणं शक्य नव्हतं. आणि खरं सांगू, मला फिरायचंही नव्हतं. तुझं पत्र वाचून वाटलं, म्हातारपणी माणसाला आपलं गाव नकोसं होतं, तसलंच काहीतरी असेल. बाभुळगावला येऊन विचारणार होतो, पण अहवालाची तारीख डोक्यावर आली.

अहवाल दिला, काम झपाट्याने चाललंय. सिमेंट निघालं तसे आतले काळे घडीव दगड असे उघडे पडले की बघत राहावं. विहिरीच्या भिंतीबाहेर, दाराच्या उजव्या हाताला, ओबडधोबड दगडांचा एक ओटा होता. त्यावर ओळीने पाच गोल खळगे. मला ती उखळं वाटली. वामनरावांना विचारलं, तर तेही म्हणाले की कुठली तरी जुनी उखळं कोणीतरी आणून टाकली आहेत. विहिरीच्या बांधकामाशी त्यांचा संबंध नव्हता, म्हणून हलवायला सांगितली. आता दार कसं मोकळं दिसतं ते बघ. ओटा काढण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो मोनालीच्या मोबाइलवर टाकलेत.

उद्घाटनाला तुला गाडीने घेऊन जाणार आहे. नाही म्हणायचं नाही. राग आला तरी पत्राचं उत्तर मात्र धाड.

तुझा,
संघर्ष

—

बाभुळगाव,
२० फेब्रुवारी २०२४

चि. संघर्ष,
जय भीम.

फोटो पाह्यले. मोनालीनं मोठे करून दाखवले. दोन दिवस माह्या तोंडात घास गेला नाही. आता लिवतो, मंग पुन्हा कधी इचारू नको.

थे उखळं नोहोत रे बाप्पा. थे आपल्या पाच घरायचे खळगे होत. आमाले विहिरीच्या दारातून आत जाची बंदी होती. आम्ही त्या ओट्यावर मडके ठिवून उभ्या राहो. कोनाच्या मनात आलं तं थो वरून पाणी ओते. मडक्याचं बूड गोल, दगडावर कलंडून जाये, मिळालेलं पाणी सांडे. म्हून तुह्या आजानं पाथरवटाची छिनी मागून आनली अन् एकेका घरासाठी एकेक खळगा खनला. दारापासून तिसरा आपला.

तुले कोनी सांगतलं नाही, पन मले मोठी बहीण होती. हंसा. पंधरा सालची. दीक्षा झाली त्याच सालचा उन्हाळा होता. तुहा बाप सव्वा महिन्याचा, माय तापानं पडलेली. घरात थेंब नाही. हंसा अन् मी सकाळपासून ओट्यावर उभ्या. बाया येत, आपलं पाणी भरत अन् निघून जात. दुपार झाली. हंसानं मले ओट्यावरच उभी रहाले सांगतलं, मडकं घेतलं अन् दारातून आत गेली.

वर येता येता लोकायनं पाह्यलं. गोटे मारले. थे मडक्यासकट मागं गेली, सार्‍या पायऱ्यायवरून. मी ओट्यावरून हाललीच नाही. तिनं सांगतलं होतं न उभी राह्य म्हून. गावानं पाय घसरला म्हनलं. पोलीस आले नाहीत. विहीर मात्र धुऊन घेतली. वामन तवा दहा सालचा असन, विहिरीच्या भिंतीवर बसून पाहत होता. त्याले चांगलं ठाऊक हाये थे उखळं होत का काय होत.

हंसाचा फोटो नाही. समाधी नाही. शाळेत नाव नाही. त्या गावात तिचं म्हनाले थो एक खळगा होता. दगड कुठं ठिवले थे पाह्य. लगेच जाय.

आत्या

—

आर्णी,
६ मार्च २०२४

ती. आत्यास,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निघालो. कसं लिहू ते कळत नाही. दगड नाहीत. मी हलवायला सांगितले होते, ठेकेदाराने घण घालून फोडले आणि विहिरीकडे येणाऱ्या रस्त्याच्या सोलिंगमध्ये, म्हणजे खालच्या दगडी भरावात, टाकले. वर काँक्रीट झालंय. जवळच्या नाल्यापर्यंत हुडकत गेलो, एक कपची सापडली नाही.

वामनरावांकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि वयोमानाने आता काही आठवत नाही म्हणाले. हंसाआत्याचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले की जुनं उकरून गावात वाद कशाला, सगळे आता गुण्यागोविंदाने राहतात. मी चहा न पिता उठलो. दोन महिन्यांपूर्वी त्याच घरात मी दोनदा भात मागून जेवलो होतो.

समितीला आणि काम देणाऱ्या सरकारी कार्यालयाला लेखी कळवलं की माझी चूक झाली, त्या जागी ओट्याचा इतिहास सांगणारा फलक लावा. काल उत्तर आलं. त्यांनी माझ्याच अहवालातली ओळ उतरवून पाठवली आहे, की सदर दगड मूळ बांधकामाचा भाग नसून त्यांस ऐतिहासिक महत्त्व नाही. पुढे लिहिलंय की तज्ज्ञांचं मत अंतिम आहे. तज्ज्ञ म्हणजे मीच, आत्या.

हे काम सोडून द्यायचं ठरवतो आहे. ज्याला आजाच्या छिनीचा घाव ओळखता आला नाही त्याने कसली जुनी वास्तू ओळखायची? तू मला अडवलं होतंस आणि मी हसण्यावारी नेलं. मला शिव्या दे, पण लिही.

संघर्ष

—

बाभुळगाव,
१४ मार्च २०२४

चि. संघर्ष यास,
आत्याचा जय भीम.

शिव्या लय दिल्या मनात. मोनालीच्या देखतही दिल्या. ज्या लेकरासाठी हंसा विहिरीत उतरली, त्याचा तू पोरगा. हंसाले मारनारे सारे मरून गेले, त्यायच्यावर चिडून चिडून मी थकली होती. आता म्हातारपनी पुन्हा राग आला, अन् तोही घरच्याच पोराचा.

पन चूक माहीबी हाये. मी पहिल्याच पत्रात सांगतलं असतं तं ओटा राह्यला असता. मी काहून नाही सांगतलं? मले लाज वाटे. तिले मारत होते अन् मी उभी होती, ह्याची. अडुसष्ट सालं झाली, तुह्या बापालेबी मी हे पुरं सांगतलं नाही.

काम सोडू नको. तू सोडशीन तं दुसरा येईन, अन् त्याले सांगाले तिथं पुन्हा वामनच बसला राहीन. फलक लावत नाहीत तं राहू दे. तुह्या त्या अहवालाले आनखी एक कागद जोड. मी सांगतो तसं लिव्ह. ओटा कोनाचा, खळगे कोनं खनले, हंसा कशी मेली, पाहनारं कोन होतं. वामनचं नाव लिव्ह. तुहंबी लिव्ह, का दगड तू काढाले लावले. खाली मी सही करीन. अंगठा नाही, सही. थे ठिवतीन का फाडतीन, त्यायचं त्यायनं पाहावं.

ऐतवारी ये. कोरे कागद आन. भाकर अन् वांग्याची भाजी करून ठिवतो.

तुले माफ करीन का नाही, ते मले अजून समजलं नाही. पन ये.

तुही आत्या,
तुळसाबाई