मागितला तो हालवर, मिळाला तो हालवर

कोश्कोनाँग, विस्कॉन्सिन
२० एप्रिल १८६२

चिरंजीव हालवर यास आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे मी आणि गाय, दोघी ठीक आहोत. बटाटे लावून झाले. आता मुद्द्याचं. आस्लाकचं पत्र आलं. तुझ्या या दिवट्या भावाला मी बजावून सांगितलं होतं, की दादाच्या पलटणीत नाव घाल, तिथे सगळे आपले नॉर्वेकर आहेत. पण भरतीच्या दिवशी शेजारच्या रांगेत गरम कॉफी वाटत होते, म्हणून हा तिथे जाऊन उभा राहिला आणि थेट तोफखान्यात गेला!

तिथे एकालाही आपली भाषा येत नाही, आणि याचं इंग्रजी म्हणजे फक्त येस. खेचरं धुशील का म्हणून विचारलं, येस. पहाऱ्याला उभा राहशील का, येस. उद्या कुणी विचारलं की तोफेच्या तोंडाशी बसतोस का, तरी हा येसच म्हणेल. माझा डोळ्याला डोळा लागत नाही रे. तुमचे वडील गेल्यावर मी तुम्हा दोघांकडे बघून दिवस काढले. तू ताबडतोब तिकडे बदली मागून घे. त्याची भाषा समजणारं एक तरी माणूस त्याच्याजवळ हवं.

मोजे पाठवते. जपून राहा.

तुझी आई


छावणी, टेनेसी
१५ जून १८६२

ती. आईस हालवरचा सा. न. वि. वि.

तुझे मोजे मिळाले. दोन्ही डाव्या पायाचे आहेत, पण उबदार आहेत.

बदलीचा अर्ज केला आणि इथे वेगळंच युद्ध पेटलं. ज्यांच्याशी लढायला आलो त्या दक्षिणेकडच्या बंडखोरांना सगळे विसरले. आमचे कर्नलसाहेब म्हणतात, पलटणीतली माणसं कमी झाली तर आपली कर्नलकी जाईल, तेव्हा एकही माणूस सोडणार नाही. तोफखान्याचे कॅप्टन म्हणतात, माझ्याकडे तोफा सहा आणि त्या ओढायला माणसं नाहीत. दोघांचे तंबू समोरासमोर आहेत, पण बोलणं फक्त घोडेस्वाराकरवी. तो बिचारा घोड्यावर बसतो, लगेच उतरतो, पुन्हा बसतो. शेवटी जनरलसाहेब वैतागले आणि त्यांनी हुकूम काढला, की हालवर हालवरसन याला तोफखान्यात पाठवावे.

आता आमच्या कंपनीत हालवर हालवरसन चार! कर्नलसाहेबांनी शांतपणे हुकूम वाचला आणि आमच्यातला ढोल्या हालवर पाठवून दिला. हा दोघांचं जेवतो आणि एकदा बसला की चार माणसांनाही उठवत नाही. कूच करताना त्याच्यापायी सगळी पलटण थांबायची. कॅप्टनसाहेबांनी बोंब मारली, की मी माणूस मागितला होता, पोतं नव्हे. त्यावर आमच्या साहेबांचं उत्तर, की हालवर हालवरसन मागितला, तो मिळाला, पोच द्यावी.

आई, मी हरलो गं. रोज अर्ज करतो, रोज साहेब तो घडी करून टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवतात. टेबल आता अगदी घट्ट उभं आहे. आस्लाक काय करत असेल, या विचाराने घास उतरत नाही.

लोभ असावा, आणि पुढच्या वेळी एक मोजा उजव्या पायाचा असावा.

तुझा हालवर


तोफखाना, टेनेसी
३ ऑगस्ट १८६२

ती. हालवरच्या आईस सा. न. वि. वि.

मी तुमचा हालवर नाही. मी दुसरा, ज्याला ढोल्या म्हणतात तो. मला आईवडील नाहीत, त्यामुळे असं पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी हे सांगतो, की आस्लाक बरा आहे. मागच्या महिन्यात तोफेचं चाक त्याच्या पायावरून गेलं. ताप चढला. डॉक्टरांनी विचारलं, पाय कापू का? आस्लाक म्हणाला, येस.

मला काही सुचेना. करवत ज्या पेटीत होती त्या पेटीवर मी जाऊन बसलो आणि नो म्हणालो. डॉक्टरांनी चार माणसं बोलावली, मग सहा. मी उठलो नाही. जेवणसुद्धा तिथेच मागवलं. संध्याकाळपर्यंत डॉक्टर कंटाळून दुसरीकडे गेले, आणि पुढे सूज आपोआप उतरली. आता तो लंगडत का होईना, चालतो. मी त्याला नो शिकवलं आहे. खेचरं आता दुसरं कुणीतरी धुतं.

तापात तो सारखा हालवर, हालवर अशी हाक मारायचा. मी ओ द्यायचो. खोटं बोललो नाही, माझं नाव तेच आहे.

आता तुमच्या मनासारखं होतंय. कॅप्टनसाहेबांनी अदलाबदल ठरवली आहे. मी परत जाणार आणि तुमचा खरा हालवर इकडे येणार. तुम्हाला आनंद होईल म्हणून कळवलं.

तुम्ही आस्लाकला पाठवलेलं चीज जास्त करून मीच खाल्लं. क्षमा असावी.

आपला नम्र,
हालवर हालवरसन


कोश्कोनाँग
२४ ऑगस्ट १८६२

चिरंजीव हालवर यास आईचे अनेक आशीर्वाद.

मायना वाचून, पत्र चुकून आपल्याकडे आलं असं समजू नकोस. हे तुलाच आहे.

तुझं पत्र मी आधी उभ्याने वाचलं, मग चुलीपाशी बसून वाचलं, मग गाईलाही वाचून दाखवलं. खूप रडले. मग माझ्या हालवरला लिहिलं, की अदलाबदल रद्द, आहेस तिथेच राहा. तो रुसेल, रुसू दे. त्याच्याभोवती सगळी आपली माणसं आहेत. तूही तिथून हलू नकोस. कॅप्टनने आस्लाकला विचारलं, की या ढोल्याला परत पाठवू का, तर नवा शिकलेला शब्द मोठ्याने म्हणायला सांग त्याला. तरीही हुकूम आलाच, तर बसून राहा. ते तुला जमतं.

आणि तुमचा हालवर नाही असं पुन्हा लिहायचं नाही. आमच्या घरात नवऱ्याचं नाव हालवर, मुलाचंही हालवर. एक हाक मारली की शेतातून दोन ओ यायच्या. नवरा गेल्यापासून एक ओ कमी आहे. ती ऐकायची मला फार सवय होती रे.

चीज दुप्पट पाठवलंय, बटाट्याच्या मऊ पोळ्या, आपल्या लेफ्साही आहेत. मोजे तुझ्या मापाचे, अंदाजाने.

लढाई संपली की आस्लाकबरोबर सरळ घरी ये. तो विचारील, येतोस का म्हणून. तेव्हा मात्र येस म्हण.

आई