पट्ट्याचं शेपूट

प्रिय ताई,

उद्या तुझी मनू तुझी सॅक घेऊन ठाकुरवाडीच्या वरच्या डोंगरावर निघालीय. "मामा, माझ्या मापाची करून दे," म्हणाली. तू गेल्यापासून खुंटीवर असलेली सॅक आज काढली, आणि आता हे लिहायला बसलोय. तिच्याशी बोलवलं नाही, म्हणून तुझ्याशी.

"आदी कंबर, मग खांदं!" तुझं सूत्र पाठ आहे बघ. कंबरपट्टा हाडावर बसवून आवळायचा, मगच खांद्याचे पट्टे ओढायचे. मी पडलो संस्कृतचा मास्तर. भार खांद्यावरच शोभतो, वृषभस्कंध वगैरे ऐकवायचो. "बैल हाय का रं तू? बैलोबा!" म्हणत तू भर वाटेत माझे पट्टे सोडून पुन्हा बांधायचीस. पुढे खांदे हलके व्हायचे. मी कधी कबूल केलं?

आज तुझा पट्टा आवळलेला होता तसा मनूच्या कमरेला पुरेना. एवढीशी पोर ती! बघितलं, तर पट्ट्यावर बकलाच्या दोन खुणा. एक टोकाजवळ, जुनी, झिजलेली. दुसरी पार आत.

"आईची कंबर एवढी बारीक होती?"

"घट्ट बांधायची सवय होती तिला," म्हणालो. खोटं बोललो, ताई.

आपल्या शेवटच्या चढावर मी तुझ्या मागेच होतो. पट्ट्याचं उरलेलं टोक मांडीपर्यंत लोंबत होतं, आणि मी ओरडलो, "ताई, तुला शेपूट फुटलं!"

"मग उडीच मारते गडावर!" म्हणालीस आणि टोक पट्ट्यात खोचलंस. दम लागला होता तुला. मला वाटलं, हसून लागला.

जन्मभर पोरांना श्लोकांचा अन्वय लावायला शिकवलं. एका शेपटाचा मला लागला नाही! पण तू तरी बोलायचंस ना? माझा भार नीट बसवलास, आणि स्वतःचं आजारपण असं खोचून टाकलंस? जाऊ दे. रागावायला तरी मी कोणत्या तोंडाने रागावू!

पट्टा सैल केलाय. सकाळी निघण्याआधी मनूला त्या आतल्या खुणेचं खरं सांगेन, माझ्या हसण्यासकट. मग चढावर तिच्या मागून चालेन, तिच्याकडे नीट बघत. विनोद खाली उतरल्यावर.

तुझा बैलोबा,
बाळू