माईकसमोरचा चुडा

॥ श्री ॥
मस्तगड, जालना
१४ जानेवारी १९५७

ती. भाईजींस,
धाकट्या राजकुमारीचा सा. न. वि. वि. संक्रांतीचा तीळगूळ पत्रातूनच गोड मानून घ्या.

तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता, म्हणून माझी अडचण तुमच्याकडेच आणते. जेठजी एकदाचे कबूल झाले. वसंतपंचमीला समाजाच्या धर्मशाळेत भजन आहे. तिथे पडद्याआड, बायकांत बसून मी गिटार वाजवायची. शेवटच्या रांगेतल्या बुजुर्गांना ती बराबर ऐकू आली, तर समाजाच्या मुलींना मी घरी शिकवायला मोकळी. न्हाई आली, तर गिटार तुमच्याबरोबर बदनापूरला आणि विषय बंद. ह्यांनीच भावाच्या मागे लागून एवढं पदरात पाडलं.

काल लाऊडस्पीकर लावून पाहिला. आवाज वाढवला की भोंगा केकाटतो, कमी केला की गिटार पडद्याबाहेर जात न्हाई. त्यात ती मांडीवर आडवी. उजव्या हातानं तार छेडायची, डाव्या हातानं लोखंडी कांडी फिरवायची, आणि दोन्ही हातांचा चुडा नेमका माईकच्या तोंडाशी. बाहेर बसलेल्या नणंदबाई म्हणाल्या, की भाभी, मला वाटलं कुणी भांडी घासून राह्यलंय.

ह्यांना चार दिवसांपासून ताप आहे. डॉक्टर मोतीझिरा, म्हणजे टायफॉइड, म्हणतात. भजन पुढे ढकलू का, असं विचारलं तर सासूजी म्हणाल्या की बिलकुल न्हाई, आता ते त्याच्यासाठीच होईल. उपाय जल्दी कळवा.

भाभीजींना पाया पडणं. माया आहे तशी राहू द्या.
राजकुमारी

•

पोस्टकार्ड
बदनापूर, १७ जानेवारी

चि. सौ. राजकुमारीस अ. उ. आ.

शाळेत तपासणी आहे, म्हणून कार्डावर भागवतो. भोंग्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, भोंग्यातून मोठा होऊन येतो, पुन्हा शिरतो. केकाटणं ते हेच. भोंगा पडद्याच्या बराच पुढे ठेव, तोंड माणसांकडे. माईक त्याच्या पाठीमागे, गिटारच्या भोकापासून वीतभर. चुड्याचा उपाय तर सोपा आहे. वाजवण्याआधी तो उतरवून ठेव, झालं की घाल. रामनिवासजींना तापात पाणी उकळूनच द्यावं.

तुझा,
शिवनारायण

•

मस्तगड, २० जानेवारी

ती. भाईजींस सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. मला ते सर्वांत शेवटी मिळालं. आधी दुकानात मुनीमजींनी वाचलं, मग जेठजींनी, मग ह्यांच्या उशाशी बसलेल्या सासूजींना नणंदबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. नवरा तापानं फणफणलेला, आणि सख्खा भाऊ बहिणीला चुडा उतरवायला सांगतो! सासूजी ओरडल्या न्हाईत. ओरडल्या असत्या तर बरं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, की शिकलेल्या माणसाच्या हातून सुद्धा असं लिहिलं जातं म्हणजे काहीतरी येऊन राह्यलंय.

त्याच संध्याकाळी ताप एकशे चारवर गेला.

आता त्या सकाळी उठल्या की आधी माझी मनगटं पाहतात. गिटार धान्याच्या कोठीत गेली आहे. जेठजी म्हणतात, की मी शब्द मागे घेत न्हाई, पण आईची रजा तू मिळव. भाईजी, हैदराबादला जाऊन बी. एस्सी. झालात, निदान पाकीट तरी घ्यायचं! मी असलं काही मानत न्हाई, असं तुम्हाला लिहिणार होते. पण ताप चढला तेव्हा मीसुद्धा मनगटांकडेच पाहिलं.

रागावले आहे, तरी तुमचीच.
राजकुमारी

•

बदनापूर, २३ जानेवारी

चि. सौ. राजकुमारीस अनेक आशीर्वाद.

सासूजींची क्षमा मागणारं वेगळं पत्र सोबत आहे. त्यात मी कारणं दिलेली नाहीत. कारणं देऊ लागलो की मी त्यांनाच चुकीचं ठरवायला निघतो, हे पहिला मसुदा वाचताना दिसलं. ही सगळी अंधश्रद्धा आहे, असं मी डायरीतही लिहिलं होतं. मग वाटलं, चुडा तुझा, ताप तुमच्या घरात, आणि शहाणपण तेवढं माझं!

आता उपाय. माईक हवेतलं सगळंच ऐकतो. आपल्याला फक्त लाकडाचं ऐकणारं काहीतरी हवं होतं. इथल्या लाऊडस्पीकरवाल्या भुजंगकडे तबकड्या वाजवायचं यंत्र आहे. त्यातली सुई बसवायची डबी, तो तिला पिकप म्हणतो, ती काढून घेतली. मंदिरातला तंबोरा मांडीवर आडवा घेतला, सुई लाकडाला हलकी टेकेल अशी डबी पट्टीनं बांधली, तार भोंग्याच्या मशीनला जोडली. तंबोरा घुमला आणि भोंगा केकाटला नाही. चुड्याची परीक्षा हवी म्हणून तुझ्या भाभीच्या बांगड्या मागितल्या. त्या माझ्या हातात जाईनात, तेव्हा सुतळीनं मनगटाला बांधल्या. भोंग्यातून त्यांचा आवाज आलाच नाही. तुझी भाभी जमनाबाई म्हणाली, की आता टिकलीही लावा आणि पंचमीला तुम्हीच जाऊन बसा. भुजंग खाली बघून हसत होता.

डबी त्याच्याच हाती पाठवतो. चुडा हातात ठेवूनच वाजव. ताप रोज कळव. आशीर्वाद आहेतच.
शिवनारायण

•

मस्तगड, २९ जानेवारी

ती. भाईजींस सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रानं सासूजी विरघळल्या, गिटार कोठीतून निघाली. काल धर्मशाळेत पिकप लावून वाजवली. काय सांगू! कांडी तारेवरून सरकते तो श्वासासारखा आवाजसुद्धा शेवटच्या भिंतीशी पोचला. जेठजी म्हणाले, की बिलकुल साफ, आता कुणाची बोलायची हिंमत न्हाई.

आणि सासूजी भोंग्याजवळून उठल्या, पडदा सारून आत आल्या, माझे दोन्ही हात घट्ट धरले. चुडा हातातच होता. तरी त्या तो पुन्हा पुन्हा चाचपून पाहत राहिल्या. त्या म्हणाल्या, की भोंग्यात चुडा वाजलाच न्हाई, बाहेर सुन्या हातांची बाई वाजवून राह्यली होती.

भाईजी, तुमचं यंत्र चुकलं न्हाई. तुम्ही सांगितलं तेच त्यानं केलं. पण ह्यांचा तिसरा आठवडा आहे. डॉक्टर म्हणतात, की आतड्यातून रक्त गेलं तर हाच आठवडा घातकी. अशा वेळी त्या माऊलीला तो आवाज मी पुन्हा ऐकवू? मी ठरवलंय, उभ्या माईकवरच वाजवणार. भोंगा पुढे सरकवून जमेल तेवढं जमेल. तुम्ही पंचमीला या, गिटार नेण्याच्या तयारीनं. ह्यांना अजून सांगितलेलं न्हाई.

विसरू नका.
राजकुमारी

•

बदनापूर, ३१ जानेवारी

चि. सौ. राजकुमारीस आशीर्वाद.

पंचमीला मी येत नाही. समोर असलो तर तू माझ्याकडे पाहशील, आणि मी खुणेनं पिकप लाव म्हणेन. माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही. तुझं बरोबर आहे असंही लिहवत नाही, कारण ती गिटार गेली तर तुझं काय होईल हे मला दिसतं. पण चूक आहे असंही म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी निरोप दे, पहिल्या गाडीनं येईन.

काळजीत आहे.
शिवनारायण

•

मस्तगड, ६ फेब्रुवारी

ती. भाईजींस सा. न. वि. वि.

निरोप उशिरा देते, माफ करा. त्या दिवशी सकाळी ह्यांना ग्लानी होती. मी उठायला तयार नव्हते. सासूजींनीच ढकललं.

भोंगा एकदा केकाटला, म्हणून आवाज कमी करावा लागला. नंतर मी कशी वाजवली ते मला सांगता येत न्हाई. चुडा तारांच्या वर चढून वाजत होता. मधेच वाटलं, की गिटार त्याच्या तालात चालली आहे. पुढच्या माणसांनी माना डोलावल्या. संपल्यावर जेठजी शेवटच्या रांगेत गेले, बुजुर्गांना विचारून आले, आणि पडद्याशी येऊन खाली मान घालून म्हणाले, की मागे चुडा पोचला, गिटार पोचली न्हाई. ते खोटं बोलत न्हाईत, आणि मलाही ते ठाऊक होतं. मी खोळ चढवायला घेतली.

तेव्हा सासूजी पडद्याआडूनच मोठ्यानं बोलल्या, साऱ्या धर्मशाळेला ऐकू जाईल असं. त्या जेठजींना म्हणाल्या, की कचरू, मंग पुढच्या वेळी मागची रांग पुढं आणून बसव! आधी बायका हसल्या, मग बुजुर्ग. जेठजी कान खाजवत उभे राहिले. मग आईचा हुकूम म्हणत कबूल झाले. परवा तीन मुली शिकायला यायच्या आहेत.

ह्यांचा ताप काल सकाळी पूर्ण उतरला आणि संध्याकाळी थोडा आला. रक्त गेलं न्हाई. धोका टळला असं डॉक्टर अजून म्हणत न्हाईत, पण मुगाचं पाणी द्यायला सांगितलंय. ते घेता घेता ह्यांनी विचारलं, की शेवटच्या रांगेत ऐकू आली का? मी खरं सांगितलं.

गिटार न्यायला येऊ नका. ह्यांना भेटायला या.

वाट पाहणारी,
राजकुमारी